वाचक विचारतात : व्यायामाआधी सुकामेवा खायचा की नाही?

मागच्या वेळी सकाळच्या चालण्याबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की व्यायामाच्या अगदी तोंडावर मूठ भरून सुकामेवा खाऊ नका. बस्स एवढंच, आणि त्या एका वाक्यावर इतके मेसेज आलेत की बाकीचा लेख कोणी वाचला की नाही अशी शंका येतेय. काहींना पटलं, काही रागावलेत, एका काकांनी तर "बदामाला नावं ठेवणारी तू कोण" असंही विचारलंय. बदामाला नावं ठेवलेली नाहीत हो काका, माझ्याच डब्यात रोज असतात. तर आजचं सगळं पान त्यावरच.

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांचा, हिंजवडीला आयटीत आहे. सकाळी सहाला जिम असते. पावणेसहाला बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते असं मिक्स मूठभर खाऊन निघतो कारण ट्रेनर म्हणाला की नट्समध्ये सगळ्यात जास्त एनर्जी असते. पण स्क्वॉट्स मारताना करपट ढेकर येतात, पोट जड वाटतं, आणि एनर्जी म्हणाल तर काहीच जाणवत नाही. ब्रँड बदलून बघू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ब्रँडचा काही दोष नाही, वेळेचा आहे. ट्रेनर खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला. तुमच्या त्या मुठीत साधारण ३० ग्रॅम मेवा धरला तर पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी होतात, आणि त्यातल्या जवळजवळ १४० नुसत्या फॅटमधून येतात. प्रोटीन ५-६ ग्रॅम. आणि कार्ब्ज, म्हणजे स्क्वॉट्स मारताना स्नायू ज्याच्यावर खरे चालतात ते, सगळे मिळून ७ ग्रॅम, त्यातही दोन-अडीच ग्रॅम फायबर जातं. उरलं किती तर एक चमचा साखरेएवढं! एनर्जी मुठीत आहे हे खरं पण ती सहा वाजता तुमच्या मांड्यांपर्यंत पोचत नाही.

चूल पेटवताना आपण आधी काटक्या घालतो, ओंडका नंतर सरकवतो ना, कार्ब्ज आणि फॅटचं तसंच आहे. फॅट पोटात गेलं की आतडी जठराला निरोप देतात की हळू सोड, त्यामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. पुढे ते पचून रक्तात चढायला, तेही थेट नाही तर लिम्फच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांपेक्षा वेगळ्या बारीक नळ्यांच्या, रस्त्याने, तीन-चार तास सहज जातात. म्हणजे पावणेसहाचे अक्रोड तुमच्या कामी येणार नऊ-साडेनऊला, स्टँडअप मीटिंगमध्ये.

ढेकरांचं कारणही तेच. फॅटमुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप जरा सैल पडते, जठर अजून भरलेलं असतं आणि तुम्ही खांद्यावर वजन घेऊन खाली बसता, पोट दाबलं जातं, मग वरच येणार ना ते, दुसरं कुठे जाणार.

मग काय करायचं? जिमच्या अर्धा तास आधी काही खावंसं वाटलंच तर एक केळं खा, मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज मिळतात. किंवा चार लहान खजूर, किंवा मूठभर बेदाणे (आपल्या तासगावचे आहेत की, काही इम्पोर्टेड लागत नाहीत), ३० ग्रॅम बेदाण्यात २३-२४ ग्रॅम कार्ब्ज असतात. ब्रेडला मध लावून खाल्लात तरी चालेल. आणि काहीच नको वाटत असेल तर पाणी पिऊन जा, तासाभराच्या जिमला आदल्या रात्रीचं जेवण पुरतं. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून ३०० ते ५०० ग्रॅम साठा असतो, तो झोपेत संपत नाही, यकृतातला तेवढा कमी होतो. पण रात्री अकराला नुसतं सूप पिऊन झोपलात तर मग सकाळी हातात जोर नसणारच, ते बदामाने भरून निघणार नाही.

तुमची मूठ फेकून द्या असं मात्र मी अजिबात म्हणत नाहीये. ती जिमनंतर नाश्त्याला दह्यात घाला, पोह्यांवर घाला. किंवा जिम संध्याकाळी सातला असेल तर साडेचारला, ऑफिसात सगळे वडापाव मागवतात त्या वेळेला, एक फळ आणि हीच मूठ खा, अडीच तास मिळतात, पोट शांत राहतं आणि सातला भूकही लागलेली नसते. त्या वेळेला यासारखं खाणं नाही.

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे. रोज सकाळी पाच भिजवलेले बदाम सोलून खाते आणि मग पाऊण तास चालते. तुमचं वाचून बहिणीने ते बंद करायला सांगितलंय. बंद करू का? आणि साल काढायलाच हवी का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका हो बंद करू! पाच बदाम म्हणजे ६ ग्रॅम, ३५ कॅलरी, फॅट ३ ग्रॅम. एवढ्याने काही होत नाही. आणि तुमचं चालणं म्हणजे काही धापा टाकायचा व्यायाम नाही, बरोबरच्या मैत्रिणीशी बोलत बोलत चालता येतं अशा वेगाला शरीर बरंचसं फॅटवरच चालतं. पण इथे लोकांचा एक घोळ होतो. ते फॅट म्हणजे आत्ता खाल्लेले बदाम नव्हेत, ते आपल्या अंगावरचं साठवलेलं. ७० किलोच्या, फार जाड नसलेल्या माणसाच्या अंगावरही १० किलो चरबी असते, ग्रॅमला ९ कॅलरीने हिशोब करा, ९० हजार कॅलरी झाल्या. एवढी ठेव असताना चालायला जाण्यासाठी वरून फॅट खायची गरजच नाही, तुम्ही खाता ते आवडीने आणि सवयीने, आणि ते ठीकच आहे.

सालीचं म्हणाल तर ती विषारी वगैरे काही नसते, उलट तिच्यात फायबर चांगलं असतं. भिजवल्याने बदाम मऊ होतो, चावायला सोपा जातो, एवढंच; त्यातली सत्त्वं दुप्पट होतात वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते सोडून द्या. दाताखाली साल अडकत असेल, कवळी असेल तर काढा, नाहीतर सालीसकट खा.

प्रश्न : मॅडम, मी पोलीस भरतीची तयारी करतोय, वय २०, वजन ६५. सकाळी साडेपाचला ग्राउंड असतं. ॲकॅडमीतली पोरं बदाम खाऊन येतात आणि म्हणतात त्याने १६०० मीटरचा टायमिंग कमी होतो. मला बदाम परवडत नाहीत. शेंगदाणे खाल्ले तर चालतील का?
— एक वाचक, बीड

उत्तर : चालतील काय, धावतील! पण आधी हे ऐक, बदामाने कोणाचाच टायमिंग कमी होत नाही, त्यांचाही नाही. १६०० मीटर म्हणजे पाच-सव्वापाच मिनिटांचा खेळ, त्याला तुझ्या वजनाच्या पोराला शंभरेक कॅलरी लागतात, तेवढ्या तुझ्या पायात आधीपासूनच पडून आहेत. १०० मीटर आणि गोळाफेकीचा तर प्रश्नच नाही, ते काही सेकंदांचं काम. टायमिंग कमी होतो तो इंटरव्हलने (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळणं), नीट झोपेने आणि पोटभर जेवणाने.

आता दाण्यांचं. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, बदामात २१. कॅलरी जवळपास सारख्याच, साडेपाचशेच्या पुढे. बदामात व्हिटॅमिन ई आणि कॅल्शियम जास्त हे खरं, पण एक किलो बदामाच्या पैशात किती किलो दाणे येतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. तसं बघितलं तर शेंगदाणा हा मेवा नाहीच, तूर-हरभऱ्याच्या खानदानातला आहे, शेंगेत येतो, जमिनीत वाढतो, पण फॅटच्या बाबतीत वागतो बदामासारखाच, म्हणून त्यालाही वेळेचा तोच नियम. ग्राउंडच्या आधी मूठभर दाणे खाऊन पळालास तर पोटात कळ येईल आणि मग माझ्या नावाने बोटं मोडशील.

तर असं कर. रात्री ज्वारीची भाकरी, उसळ किंवा वरण आणि दाण्याची चटणी असं पोटभर जेव. सकाळी पाचला गुळाचा खडा आणि पाणी, किंवा मिळालं तर केळं. ग्राउंडवरून आल्यावर रात्री भिजवून ठेवलेले दाणे, ५० ग्रॅम घे, त्यातून १३ ग्रॅम प्रोटीन मिळतं, त्याबरोबर भिजवलेले हरभरे, गूळ, आणि घरात दूध किंवा अंडी असतील तर ती. नुसत्या दाण्यांवर राहू नको, दाण्याचं प्रोटीन एकट्याने थोडं लंगडं असतं, डाळ, दूध, अंडं जोडीला असलं की भागतं.

आणि दाणे निवडून घे. सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशी धरलेले, कडू लागणारे सरळ टाकून द्यायचे, आईने रागावलं तरी. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला वाईट आणि भाजल्यानेही पूर्ण जात नाही. पोतं ओलीला ठेवू नका.

भरतीच्या दिवशी काहीही नवीन खाऊ नको. कोणी कितीही मोठा सर असला आणि काहीही हातावर ठेवलं तरी.

प्रश्न : वय ६१, बारा वर्षांपासून डायबेटीस, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी एकत्र गोळी आहे. सकाळी तासभर चालतो. दोनदा वाटेत थरथर आणि घाम आला. तेव्हापासून खिशात बदामाची पुडी ठेवतो, गरज पडली की खातो. बरोबर आहे ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काका, हा प्रश्न मी सगळ्यांच्या आधी घेणार होते. बरोबर नाही. तुम्हाला जे झालं ते बहुतेक शुगर खाली जाण्याचं लक्षण आहे, आणि अशा वेळी बदाम उपयोगाचे नाहीत. वर पुण्याच्या वाचकांना सांगितलं तेच, फॅट हळू चढतं, कार्ब्ज त्यात नगण्य, आणि तुमच्याकडे असतात मोजकी मिनिटं.

खिशात ग्लुकोजची पावडर ठेवा, केमिस्टकडे मिळते ती. थरथर, घाम, छातीत धडधड, डोकं हलकं वाटलं की चालणं थांबवायचं, बसायचं, १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चमचे, थोड्या पाण्यात घालून घ्यायचं. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघायचं, ७० च्या खालीच असेल तर परत तेवढंच. बरं वाटल्यावर मग खुशाल खा बदाम नाहीतर बिस्किट, म्हणजे ती परत घसरणार नाही.

मी साखर न म्हणता मुद्दाम ग्लुकोज म्हणतेय, कारण तुमच्या गोळीत व्होग्लिबोज आहे. ते औषध आतड्यात साधी साखर फुटायचा वेग कमी करतं, तेच त्याचं काम आहे, त्यामुळे तुम्ही साखर किंवा पेढा खाल्लात तरी शुगर लवकर वर येणार नाही. ग्लुकोज आधीच फुटलेलं असतं, ते लगेच शोषलं जातं. ही गोष्ट घरच्यांना आणि बरोबर चालणाऱ्या मित्रांनाही सांगून ठेवा, कारण ऐनवेळी ते साखरच शोधतील.

आणि दोनदा झालंय म्हणजे डॉक्टरांना सांगायलाच हवं. गोळीची वेळ, डोस, चालायची वेळ यातलं काहीतरी बदलावं लागेल, ते त्यांनी ठरवायचं, मी नाही आणि तुम्हीही नाही. तोवर एकटे चालायला जाऊ नका.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी राजगडला जाणार आहोत, पहिलाच मोठा ट्रेक. शिवाय आमच्यातल्या दोघी साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतायत. दोन्हीकडे ट्रेल मिक्स नेलं तर चालेल ना? काय काय घालायचं त्यात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ट्रेकला हो, रेसला नाही.

ट्रेक म्हणजे सहा-सात तासांचं हळू काम, थांबत, फोटो काढत, एकमेकींना हात देत. तिथे सुकामेवा अगदी शोभतो, कारण वजन कमी आणि कॅलरी भरपूर, आणि सकाळी खाल्लेलं फॅट दुपारी उतरताना कामाला येतं. पण नुसते बदाम-काजू भरू नका, निम्मं गोड आणि निम्मं खारं ठेवा. दाणे, फुटाणे, बेदाणे, बिया काढलेले खजूर, थोडे काजू. खारे दाणे मुद्दाम ठेवा, घामाने मीठ जातं. राजगिऱ्याचे लाडू चांगले, चुरा होतो तेवढा सोडला तर. चिक्की उत्तम, तिच्यात गूळ आणि दाणे दोन्ही आले, पण पावसाळ्यात ती तासाभरात सादळते आणि कागदासकट खावी लागते, म्हणून घट्ट झाकणाचा छोटा डबा घ्या. अक्रोड घेणार असाल तर घरून निघताना एक चावून बघा, ते सगळ्यात आधी खवट होतात आणि सहा जणींचं सगळं मिक्स वाया जातं. एकदम बसून फराळ करायचा नाही, दर पाऊण तासाला दोन-तीन घास आणि पाणी. आणि पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, गडावरच्या माकडांना ट्रेल मिक्स काय ते पक्कं कळतं.

रेसचं वेगळं. यवतेश्वरचा घाट चढताना तुमच्या तोंडाला कोरड पडलेली असणार, श्वास लागलेला असणार, त्यात बदाम चावायचा कसा? मी लोकांना तो तसाच गालात धरून दोन किलोमीटर पळताना बघितलंय. ठसका लागू शकतो, घशात अडकू शकतो. आणि २१ किलोमीटरला दोन-अडीच तास लागणार असतील तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज हवेत, ते मेव्यातून मिळवायचे तर किती खावं लागेल ते बघा, काजूत त्यातल्या त्यात जास्त असतात तरी १०० ग्रॅममध्ये ३०. म्हणून पळताना खजुराचे तुकडे, केळं, धावपटूंसाठी मिळणारं एनर्जी जेल, लिमलेटच्या गोळ्या, जे पोटाला सोसतं ते. रेसच्या सकाळी दोन-अडीच तास आधी हलका नाश्ता, ब्रेडला पीनट बटरचा पातळ थर आणि वर केळ्याच्या चकत्या चालतील, पण आधी दोन-तीन लांब रनला हेच खाऊन बघा.

प्रश्न : वजन कमी करतोय. नट्सने वजन वाढतं म्हणतात, पण डाएटवाले सगळे खायला सांगतात. खरं काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दोन्ही थोडं थोडं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना अख्खे बदाम खायला घालून मोजलं, तर लेबलवर २८ ग्रॅमला १७० च्या आसपास कॅलरी असतात तिथे शरीराला प्रत्यक्षात १२९ च मिळाल्या. कारण आपण कितीही चावलं तरी बदामाचे बारीक कण राहतात, त्यांच्या पेशींच्या भिंती फुटत नाहीत, आतलं तेल आतच राहतं आणि तसंच बाहेर जातं. पण ही सूट अख्ख्या बदामाला, बदामाचं बटर किंवा बारीक पूड केलीत की ती गेली. आणि मूठ म्हणजे मूठ, डबा मांडीवर घेऊन मॅच बघायला बसलात तर कुठलंच संशोधन वाचवणार नाही.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून हसू आलं. आमचे आजोबा तालमीत जायचे, रोज मूठमूठ बदाम संपवायचे. ते काय चुकीचं करत होते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही, पण ते कधी खायचे हे विचारलंत का घरी? कोल्हापूरकडच्या तालमीत खुराक असतो तो मेहनतीनंतर. आधी जोर, बैठका, लाल मातीतली लढत, अंगाची माती उतरवायची आणि मग थंडाई. रात्री भिजवलेले बदाम सोलून कुंडीत टाकायचे, खसखस, बडीशेप, मिरी, वेलची घालायची आणि सोट्याने घोटत बसायचं, बोटाला कण लागत नाही इतकं गंध होईपर्यंत, मग दूध. पोट रिकामं, भूक कडाडलेली, पुढे आराम करायला वेळ, आणि बदाम इतका वाटलेला की वरच्या प्रश्नात म्हटलं तसं तेल आत अडकून राहायचा प्रश्नच नाही, सगळं अंगी लागणार. पैलवानाला तेच हवं असतं, त्याला वजन कमावायचंय.

तुम्ही मात्र दिवसभर खुर्चीत बसत असाल तर आजोबांचा खुराक तेवढा घेऊ नका, आधी त्यांच्याएवढ्या बैठका मारा.

प्रश्न : अक्रोड खाल्ले की ओठ आणि जीभ खाजते. एकदा खाऊन लगेच पळायला गेले तर अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या. उष्ण पडतात म्हणून असेल का? भिजवून खाऊ का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : उष्णतेचं नाही हे, ॲलर्जीचं लक्षण वाटतंय, आणि भिजवून ती जात नाही. काहींना ती नुसतं खाल्ल्यावर थोडक्यात राहते पण खाऊन लगेच व्यायाम केला की भडकते, अंगावर गांधी, श्वासाला घरघर, चक्कर इथपर्यंत जाऊ शकते. अक्रोड आजपासून बंद, ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी तपासेपर्यंत बाकीचे नट्सही नकोत, मिक्स पाकिटं तर नकोतच. त्यांना पळायला गेल्यावर गांधी उठल्याचं आवर्जून सांगा, नुसतं खाज येते म्हणून सोडू नका. आणि श्वास लागला, घसा आवळल्यासारखा वाटला तर घरी काढा करत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.